योग्य कार्यवाहीसाठी

अकरा मार्चला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोलापुरातल्या एका दवाखान्यात माझा थोरला भाऊ दिगंबर गेला. आम्ही त्याला दादा म्हणत होतो. त्या वेळी खोलीत तिघं होतो: मी, माझे यजमान आणि आमचा धाकटा भाऊ बापू. सहा दिवसांचं बिल एक लाख अठरा हजार चारशे रुपये झालं होतं. दादा केंद्र सरकारचा पेन्शनर, त्यामुळे त्यातलं काही परत मिळालं असतं, आणि उरलेल्याचे वाटे करू असं मी म्हणत होते. बापू ऐकेना. तो खाली जाऊन सगळी रक्कम भरून आला, पावतीची घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आक्का, ह्यात वाटं करायचं न्हाईत." मग तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला… मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. हाच बापू दादाशी आठ वर्षं एक शब्द बोलला नव्हता. दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते दादा जायच्या जेमतेम दीड वर्ष आधी. ती आठ वर्षं कशी गेली आणि हे दीड वर्ष कसं मिळालं, एवढंच मला लिहायचं आहे.

आमचं गाव माढ्यापासून सात किलोमीटरवर. गावात शाळा सातवीपर्यंत. दादा कॉलेजला गेला आणि मी आठवीला, तेव्हा आम्हा दोघांसाठी वडिलांनी बार्शीत एक खोली घेतली. धान्याच्या बाजारामागे एका आडत्याच्या गोदामावर ती खोली होती. अंथरुणालासुद्धा तुरीच्या भुशाचा वास यायचा आणि खाली पोती उतरायला लागली की भिंत हलायची. मेस परवडण्यासारखी नव्हती, म्हणून घरून डबा यायचा, एसटीनं. तेव्हा बार्शीत शिकणाऱ्या कितीतरी पोरांचे डबे असेच यायचे. सकाळच्या पहिल्या गाडीला घरची माणसं डबा कंडक्टरच्या हवाली करायची आणि इकडे बार्शीच्या स्टँडवर आम्ही सगळे आपापल्या गावच्या गाडीची वाट बघत उभे. गाडी लागली की सीटखालून डबे निघायचे, ऑइलपेंटनं नावं लिहिलेले. आमचा डबा गाडीपर्यंत पोचवायचं काम बापूचं होतं. तो तेव्हा पाचवीत. वस्तीवरून फाट्यापर्यंत पळत यायचा. डबा आला नाही असा दिवस मला आठवत नाही. डब्यावर नाव घालायचं कामही त्यानं स्वतःच अंगावर घेतलं होतं, आणि एके दिवशी स्टँडवर डबा हातात आला तर त्यावर लाल रंगात लिहिलेलं, "दिगंबर कलेक्टर, बार्शी". दादा तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. स्टँडवरची पोरं त्या दिवसापासून त्याला कलेक्टर म्हणायला लागली. कंडक्टरही खिडकीतून ओरडायचा, कलेक्टरची भाकरी आली म्हणून. मला लाज वाटायची. मी म्हटलं, घासून टाकू. दादा म्हणाला, राहू दे, त्यानं हौसेनं घातलंय.

बापूचा स्वभाव पहिल्यापासून हा असा. एखादी गोष्ट व्हावी असं मनात आलं की ती झालीच असं धरून तो पुढे चालायचा. विहिरीला पाणी लागायच्या आधी त्यानं पेढे वाटल्याचं गावाला अजून आठवतं. दहावी झाल्यावर मात्र त्याला कुणी काही विचारलं नाही. दोघं शिकतायत, तिसरा रानात पाहिजे, असं वडील म्हणाले आणि तो राहिला. त्यानं कुरकुर केली नाही. डबा मात्र आम्ही बार्शी सोडेपर्यंत त्याच्याच हातचा येत राहिला.

दादा कलेक्टर झाला नाही. स्पर्धा परीक्षा देऊन तो दिल्लीला केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सहायक म्हणून लागला. रस्ते, पूल, मागास भागांचा विकास असली कामं बघणारं ते मंत्रालय. आमच्याकडे मंत्रालय म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबई येते. त्यामुळे निवृत्तीपर्यंत गावातली माणसं त्याला विचारत राहिली की मुंबईत असून एवढं हिंदी कसं काय बोलता. त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये माढ्याचा, बार्शीचा कुणीतरी नेहमी उतरलेला असायचा. कुणाचा पूल, कुणाची जमीन, कुणाचा नुसताच दिल्ली बघायचा बेत. वहिनी सगळ्यांना जेवायला घालायच्या, दादा कोणतं कार्यालय कुठं ते कागदावर नकाशा काढून द्यायचा, पण त्यापुढे एक पाऊल टाकायचा नाही. साहेबांना जरा सांगा असं कुणी म्हटलं की तो त्याला उद्याच्या चहाची वेळ विचारायचा. लोक नाराज होऊन जायचे. जाताना शेंगाचटणीचा पुडा मात्र ठेवून जायचे आणि तो दादाच्या सेक्शनमध्ये दुपारच्या आत संपायचा. मी एकदा त्याला विचारलं होतं, तू तिथं नेमकं करतोस तरी काय. तो म्हणाला, रस्ता कुठून न्यायचा ते ठरवणारे वेगळे आणि बांधणारे वेगळे, मधल्या मध्ये कागद हरवू नये एवढं मी बघतो. पुढे तो सेक्शन ऑफिसर झाला. त्यानंतरची पायरी अवर सचिवाची. ती वहिनींच्या फार मनात होती.

मग आमच्याकडे चौपदरी रस्ता आला. मोजणी झाली, खुणेचे दगड पडले आणि लोकांच्या लक्षात आलं की रस्ता बरोबर गाव आणि रान यांच्या मधून जातोय. घरं अलीकडे; जमीन, विहिरी आणि मेंढरांची गायरानं पलीकडे. रस्ता झाल्यावर मध्ये दुभाजक, कडेला कुंपण, आणि पलीकडे जायचं तर तीन किलोमीटरचा वळसा. रस्त्याखालून भुयारी मार्ग हवा, असं गावानं ठरवलं. आमच्याकडे त्याला बोगदा म्हणतात. बापू त्यात पुढे होता. अर्ज दिल्लीला मंत्रालयाकडे गेला आणि त्या रात्री बापूनं दादाला फोन केला. मी तेव्हा माहेरी गेले होते, शेजारीच बसले होते. बापू म्हणाला, "दादा, आजपतुर तुला काय मागितलं न्हाई. एवढं एक कर." खरंच त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. दादानं सांगितलं, अर्ज केलात ते बरोबर केलंत, पण यात मला काही करता येणार नाही. फोन ठेवून बापू हसत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मोठ्या हुद्द्याची माणसं फोनवर असंच बोलतात, आक्का, फोन कुणीबी ऐकतं… झालं समज काम.

आठवड्याभरात फाट्यावर फ्लेक्स लागला. दहा बाय आठचा. "दिल्ली मंत्रालयातील आपले साहेब मा. श्री. दिगंबरदादा यांच्या अथक प्रयत्नांतून गावाला भुयारी मार्ग मंजूर, हार्दिक अभिनंदन." खाली सोळा शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, त्यात पहिला बापूचा. दादाचा फोटो माझ्या मुलीच्या लग्नातला होता, पण त्यात तो साध्या बुशशर्टात होता म्हणून फ्लेक्सवाल्या पोरानं डोकं तेवढं घेतलं आणि कुणाच्या तरी निळ्या कोटावर बसवलं. बापूनं मला फोटो पाठवला तेव्हा आधी मला हसू आलं. भुयारी मार्गावर तोवर काहीच निर्णय झालेला नव्हता. अर्ज नुसता पोचला होता.

तो अर्ज नेमका दादाच्याच सेक्शनमध्ये पोचला होता. आणि तो आला त्याच दिवशी दादानं फाईलवर लिहून ठेवलं होतं की हे माझं मूळ गाव आहे, माझ्या घरची जमीन यात आहे, तेव्हा हे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. ते दिलंही गेलं. पण आमच्या भागातल्याच कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो जोडून दिल्लीला तक्रार पाठवली, की हा अधिकारी आपल्या गावासाठी पदाचा वापर करतोय. दादाकडे खुलासा मागितला गेला. मग चौकशी बसली. त्याला त्या सेक्शनमधून काढून जुन्या फायलींच्या विभागात बसवलं आणि चौकशी चालू असेपर्यंत बढती थांबली. चौकशी संपायला तीन वर्षं लागली. तिचा निकाल त्याच्या बाजूनं लागला, कारण ती नोंद फ्लेक्सच्या आधीच्या तारखेची होती. पण तोवर त्याच्या मागची माणसं पुढे गेली होती. तो सेक्शन ऑफिसर म्हणूनच निवृत्त झाला. चौकशी बसली तेव्हाच वहिनींनी मला फोनवर सगळं सांगितलं होतं. नंतर दादानं फोन घेतला आणि म्हणाला, "सुमे, बापूला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर तो चार जीपा भरून इथं येईल आणि मंत्रालयासमोर बसेल. मग आहे ती नोकरीही जाईल." मी कबूल झाले. बापूला ओळखणारं कुणीही कबूल झालं असतं.

इकडे गावाची मागणी फेटाळली गेली. माहितीच्या अधिकारात कुणीतरी फाईलच्या प्रती मागवल्या. इंग्रजी कागद, शाळेतल्या गुरुजींनी बापूला वाचून दाखवले. त्यात दादाची ती नोंद होती. बापूनं त्यातून एवढंच घेतलं की गावाची फाईल दादाच्या हातात आली आणि त्यानं ती दुसऱ्याकडे सारली. त्यानं मला फोन केला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाला, "त्यानं लिवलंय, मला ह्यात धरू नका. डबा पोचवताना मी म्हणलं व्हतं का, मला ह्यात धरू नका म्हणून?"  फ्लेक्स त्यानंच उतरवला आणि कांद्याच्या ढिगावर टाकला. त्यानंतर दादाचा फोन आला की तो उचलेना. वहिनी गेल्या तेव्हा तो दिल्लीला आला, खांदा दिला, तीन दिवस राहिला, पाणी भरलं, लोकांची उठबस केली, आणि दादाशी न बोलता परत आला.

राग आला की बापू कामाला लागतो. दादावाचून बोगदा मंजूर करून आणतो, असं त्यानं गावाला सांगितलं. पण नव्या अर्जाला काय जोडायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी दादाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "तू विचारलंस म्हणून सांगतो. उद्या शेजारच्या गावचा कुणी विचारेल तर त्यालाही हेच सांगेन." मग त्यानं सांगितलं, ग्रामसभेचा ठराव लावा, शाळेचं पत्र लावा, मेंढपाळांच्या सह्या घ्या, रोज किती जनावरं आणि किती बैलगाड्या पलीकडे जातात ते तलाठ्याकडून लिहून घ्या, आणि सगळ्यात आधी स्थानिक प्रकल्प कार्यालयात द्या, थेट दिल्लीला पाठवू नका. मी ते बापूला माझं म्हणून सांगितलं. मी इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, सरकारी कागदांशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे त्याला ते पटलं. आक्काची अक्कल म्हणून तो गावभर सांगत सुटला. दोन वर्षांनी बोगदा मंजूर झाला, त्यानंतर बांधूनही झाला. नारळ फुटला त्या दिवशी बापूनं व्यासपीठावरून अठरा जणांचे आभार मानले. दादाचं नाव नव्हतं. मी ते फोनवर दादाला सांगितलं तर तो म्हणाला, मी काय केलंय त्यात. मग विचारलं, उंची किती ठेवलीय? उसाची ट्रॉली जाते ना?

चौकशी संपल्यावर मी दादाला म्हटलं होतं, आता तरी त्याला सांगू या. तो नको म्हणाला. सांगून बापूला काय मिळणार, उरलेला जन्म फ्लेक्स आठवत बसेल. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा.

तीन वर्षांपूर्वी दादा निवृत्त झाला आणि सोलापूरला आला. मुलगी बंगळुरात, तिच्याकडे त्याला करमेना. भवानी पेठेत आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या त्यानं घेतल्या. भाडं मी नको म्हणत असतानाही एक तारखेला देत असे. बापू दर मंगळवारी बाजाराला सोलापुरात येतो, आमच्याकडे दूध आणि भाजी टाकून जातो. त्यामुळे दोघं एका घरात, एका सतरंजीवर बसू लागले आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत. बापू म्हणायचा, आक्का, त्यांला म्हणावं भाकरी गरम हाय तवर खा. दादा म्हणायचा, सुमे, त्याला सांग मी खातोय. एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि दोघांच्या मध्ये आमची मांजर बसली होती, तर बापू मांजराला सांगत होता की ह्यांला शुगर हाय, गूळ देऊ नगंस. यजमान हसून हसून बाहेर गेले. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. दोघांचीही वयं झाली होती, दादाचे तर दोन्ही गुडघे गेले होते. जिना उतरताना बापू त्याच्या पुढे दोन पायऱ्या राहायचा, पडलाच तर अंगावर यावा म्हणून… आणि तेही न बोलता.

असं दीड वर्ष चाललं. मग दिल्लीहून सक्सेनाजी आले. दादाच्या सेक्शनमधले जुने सहकारी, तेही निवृत्त झालेले. तुळजापूर-अक्कलकोट करायला निघाले होते, एक दिवस आमच्याकडे उतरले. मंगळवार होता. बापू दूध घेऊन आला, चहाला बसला. सक्सेनाजींना सगळे घरचेच वाटत होते. ते रंगात येऊन जुन्या गोष्टी सांगू लागले, सोलापूरच्या चटणीच्या, सेक्शनमधल्या भांडणांच्या. आणि मग सहज म्हणाले की आमचे दिगंबरजी अवर सचिव होऊनच निघायचे, पण गावातल्या कुणा बेवकूफानं यांचा निळ्या कोटातला बोर्ड टांगला आणि त्यात यांची तीन वर्षं चौकशी झाली. तो कोट आठवून ते अजून हसत होते. मी यजमानांकडे बघितलं. बापूनं कप खाली ठेवला. त्याला हिंदी चांगलं कळतं.

दादा शांतपणे म्हणाला, "सक्सेनाजी, बेवकूफ मत कहिए. ये सामने बैठे हैं, मेरे छोटे भाई हैं. आपकी चाय का दूध इन्हीं का है."

सक्सेनाजींना कुठं बघावं कळेना. माफ कीजिएगा एवढं कसंबसं म्हणाले.  आमच्या घराखालच्या कारखान्यातले माग तेवढे वाजत होते. मग बापू, माझ्याकडे न बघता, मांजराकडे न बघता, सरळ दादाकडे बघून म्हणाला, "तू मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर माफीचा फ्लेक्स लावला असतास."

 "लावला असता की," बापू म्हणाला. "मोठा लावला असता."

दादा हसला. बापूही हसला आणि हसता हसता उठून जिन्यात गेला. दादा भिंतीला धरून उठला, त्याच्या मागे गेला. मी मध्ये पडले नाही. बराच वेळ त्यांचे आवाज येत होते, आधी बापूचा, मग दोघांचे. परत आल्यावर बापूनं डोळे पुसत मला विचारलं, म्हणजे ते ठराव, मेंढपाळांच्या सह्या, ती अक्कल तुझी नव्हती? मी म्हटलं, माझी कुठली. तो म्हणाला, मग आठ वरसं मी गावात खोटंच सांगत फिरलो की. जाताना त्यानं सक्सेनाजींना पाच किलो ज्वारी आणि एक कोंबडा द्यायचा ठरवला होता. ज्वारी त्यांनी घेतली.

नंतरचं दीड वर्ष दादाचं फार चांगलं गेलं. मंगळवारी तो बापूबरोबर गावाला जायचा, गुरुवारी परत यायचा. बोगदा त्यानं पहिल्यांदा तेव्हा पाहिला. त्याची मुलगी त्या वेळी सोबत होती, ती सांगते, तो आत मधोमध उभा राहिला आणि वरून ट्रक जाताना काठी टेकून ऐकत राहिला. मेंढरं आली तेव्हा भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. पण पावसाळ्यात त्या बोगद्यात गुडघाभर पाणी साचतं. उतार चुकलाय, गटार रस्त्याच्या पाण्याकडे तोंड करून आहे. शाळेची पोरं दप्तर डोक्यावर घेऊन जातात. दादानं त्याबद्दल पत्र लिहायचं ठरवलं, ते आपल्याच जुन्या मंत्रालयाला. आधी स्थानिक कार्यालयाला तीन लिहिली, नियमाप्रमाणे, मग दिल्लीला. मजकूर तो सांगायचा, मी लिहायचे, बापू शेजारी बसून शिव्या सुचवायचा, दादा त्या गाळायचा.

महिन्याभरानं दिल्लीचं उत्तर आलं. हिंदीत, दोन ओळी. दादानं वाचलं आणि त्याला एवढं हसू फुटलं की ठसका लागला. तुमचं निवेदन मिळालं, ते योग्य कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवलं आहे, एवढंच होतं त्यात. ते वाक्य त्याचं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानंच त्या उत्तराचा मसुदा तयार केला होता. आधी 'आवश्यक कार्यवाही' असं होतं, वरिष्ठ म्हणाले की आवश्यक म्हटलं तर कुणालातरी काहीतरी करावं लागेल, म्हणून यानं 'योग्य' केलं, आणि त्याबद्दल त्या वेळी शाबासकी मिळाली होती. बापूनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे तूच तुला वाटंला लावलं म्हणायचं," तो म्हणाला. दादा म्हणाला, हो, आणि व्यवस्थित लावलंय, भाषेत एक चूक नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्मरणपत्र लिहायला घेतलं. पुढे हीच त्याची रीत झाली. उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र, मागच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घालून, रागाचा शब्द न वापरता. मी विचारलं, होणार आहे का काही यानं? तो म्हणाला, फाईल बंद करायला कारण लागतं, ते मी त्यांना देत नाही.

फेब्रुवारीत त्यानं दिल्लीला पाचवं पत्र पाठवलं. मार्चच्या पाच तारखेला छातीत दुखू लागलं म्हणून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस बरा वाटला. सात तारखेला सकाळी बापू त्याचे पाय चेपत होता तर दादानं विचारलं, दिल्लीचं उत्तर आलं का. बापू म्हणाला, अजून न्हाई. येईल, दादा म्हणाला, मार्चएंड आहे, गडबड असते… नंतर त्याला बोलायला त्रास होऊ लागला आणि आम्हीही बोलू दिलं नाही.

गावच्या पोरांनी दहाव्याच्या आधी बापूच्या मोबाइलवर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं डिझाइन पाठवलं. फोटो चांगला होता, बुशशर्टातला. बापूनं तो बराच वेळ बघितला. मग पोरांना फोन करून म्हणाला, "त्याचा एक फ्लेक्स माझा लावून झालाय. पुरं." पोरं ऐकेनात, गावाची इज्जत वगैरे बोलू लागली. बापूनं त्यांना फावडी घेऊन बोगद्यात बोलावलं आणि पावसाळ्याआधी गटारातला गाळ काढून घेतला. स्वतःही उतरला. माझी मुलं त्या दिवशी गेली होती, ती सांगतात, मामा कुणाला वर मान करू देत नव्हता.

एकोणतीस मार्चला आमच्या पत्त्यावर, दादाच्या नावानं, मंत्रालयाचं पाकीट आलं. पत्रावर नऊ मार्चची तारीख होती, म्हणजे सही झाली तेव्हा तो होता. मी बापूला फोन केला. तो मंगळवारची वाट न बघता त्याच दुपारी आला. वाच म्हणाला. मी वाचलं. परत वाच म्हणाला. तुमचं निवेदन मिळालं, ते योग्य कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवलं आहे. बापू पत्राचा कागद हातात घेऊन बसला. सही कुणा दुसऱ्याची, वाचता न येणारी. मग म्हणाला, "त्योच बोलतोय की, आक्का."

मी म्हटलं, आता हे इथंच थांबवलं तरी चालेल. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सांगण्यावरून मी स्मरणपत्र लिहिलं, मागच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घालून. त्यात एक ओळ नवी घालावी लागली: मूळ अर्जदार अकरा मार्च रोजी मयत झाले असून यापुढील पत्रव्यवहार त्यांच्या धाकट्या भावाशी करावा. बापूनं एकही शिवी सुचवली नाही. खाली सही केली, पूर्ण नाव घातलं, गावाचा पत्ता दिला. पाकीट त्यानं माझ्याकडे ठेवलं नाही. बरोबर नेलं आणि माढ्याच्या पोस्टात खिडकीवर दिलं. स्पीड पोस्टाचे पंचावन्न रुपये झाले. ते बापूनंच भरले, ह्यातही वाटे केले नाहीत.